'देव एकच' म्हणणाऱ्या ज्यूंमधून ख्रिस्ती निघाले, मग येशूला बसवलं कुठे?

शंकेखोर (धागाकर्ता)

मंडळी, आपल्या रोजच्या विषयांतला प्रश्न नाही पण दोन आठवडे डोक्यात भुणभुण चालू आहे म्हणून धागा काढतोय. वसईच्या मित्राने रविवारी जेवायला बोलावलं होतं, म्हणाला आधी मिस्सेला चल मग जेवू, गेलो. मराठी मिस्सा पहिल्यांदाच ऐकली. मध्येच सगळे उभे राहिले आणि एका सुरात विश्वासाचा अंगीकार म्हणायला लागले. सुरुवात एकाच देवापासून, आणि चार ओळी पुढे येशूबद्दल 'देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश'. मी तिथेच अडकलो.

म्हणजे बघा, येशू ज्यू, त्याची आई ज्यू, बाराच्या बारा शिष्य ज्यू. ज्यूंचं पहिलं कलम काय तर देव एकच आणि त्याच्या जोडीला दुसरा कोणी आणायचा नाही. अशा घरातली माणसं एका सुताराच्या मुलाला, तेही क्रुसावर मेलेल्या, देव कशी म्हणायला लागली? त्यांना आतून टोचलं नाही का?

माझा अंदाज असा की त्यांनी तसं म्हटलंच नसणार. नंतर ग्रीक-रोमन लोक धर्मात शिरले, त्यांना देव वाढवायची सवय होतीच, आणि ३२५ साली कॉन्स्टंटाईन बादशहाने बिशपांची मीटिंग बोलावून मतदान घेऊन येशूला देव करून टाकलं. बरोबर का? जाणकारांनी सांगा. भांडण नको.

नास्तिक_नाना

भांडण नको म्हणून धर्माचा धागा काढणारे तुम्ही पहिलेच. जेवणात काय होतं ते आधी सांगा.

जोशीकाकू

त्यात अडकण्यासारखं काय आहे? आपल्याकडे ब्रह्मा विष्णू महेश तसं त्यांच्याकडे पिता पुत्र आणि पवित्र आत्मा. दत्ताची तीन तोंडं बघून आपण कधी विचारलं का की बाबा तू एक की तीन.

केळीची_वाडी

काकू, वसईकर कॅथलिक बोलतेय. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी नेमकं हेच उत्तर दिलं होतं, त्रिमूर्ती. सिस्टरनी कान नाही पिळला पण चेहरा पिळला. आम्ही पवित्र त्रैक्य म्हणतो, तीन व्यक्ती पण देव एकच, एकाने घडवायचं दुसऱ्याने सांभाळायचं अशी खातेवाटप नाही. पण शंकेखोर यांचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. त्रैक्य हा शब्द यायच्या आधी लोक काय समजत होते? ते मलाही नीट माहीत नाही, वाचतेय.

बोरूबहाद्दर

शंकेखोर, ३२५ ची गोष्ट कुठून उचललीत ते ओळखलं. वीसेक वर्षांपूर्वी प्रत्येक रेल्वे स्टॉलवर दिसायची ती थ्रिलर कादंबरी. त्यात तसंच आहे, आणि तसं झालेलं नाही.

निकियाच्या परिषदेत (गाव आत्ताच्या तुर्कस्तानात, इझनिक) येशू देव की नुसता माणूस यावर मतदान झालं नाही, कारण नुसता माणूस म्हणणारा पक्षच तिथे नव्हता. भांडण होतं अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या पाद्र्याशी. त्याचं म्हणणं असं की पुत्र जगाच्या आधीचा आहे, जग त्याच्यामार्फत झालं हेही खरं, पण तो पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणजे तो नव्हता असा एक काळ होता. आणि एरियसची तळमळ काय होती? देव एकच राहिला पाहिजे ही! म्हणजे तुमच्या प्रश्नात जे टोचतंय तेच त्याला टोचत होतं, फक्त तीनशे वर्षांनी. शेवटी सही न करता त्याच्या बाजूला उरलेले बिशप दोन. तेव्हा मतदान म्हणायचंच असेल तर फारच एकतर्फी झालं.

आता मागे जा. साधारण ११२ साली त्याच बिथिनिया प्रांतात (निकिया तिथलंच) प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर आहे. त्याच्यापुढे ख्रिस्ती लोकांना पकडून आणतात आणि ह्यांचं नेमकं करायचं काय ते त्याला कळत नाही, म्हणून तो सम्राट ट्राजानला पत्र लिहितो. त्यात चौकशीत निघालेली माहिती आहे की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताला, जणू देवाला म्हणावं तसं, आळीपाळीने स्तोत्र म्हणतात. हे ख्रिस्ती माणसाने लिहिलेलं नाही, एका वैतागलेल्या सरकारी अधिकाऱ्याने लिहिलंय. कॉन्स्टंटाईन जन्मायला अजून दीडशे वर्षं होती.

अजून मागचं रात्री लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

उंटावरचा_शहाणा

बिशपांची?

तेल्याचा_नातू

नमस्कार. बरेच दिवस वाचतो, आज लिहायला विषय मिळाला. आम्ही बेने इस्राएल. आजोबांचं घर अलिबागजवळ, मी ठाण्यात वाढलो, आता बारा वर्षं इस्राएलमध्ये आहे. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून. नाव त्यावरून घेतलंय.

शंकेखोर ज्याला पहिलं कलम म्हणताहेत ती आमची शेमा. 'शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद.' ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात सहाव्या अध्यायात आहे. आमच्यात सांगतात की शेकडो वर्षं कोकणात बाकीच्या ज्यू जगापासून तुटून राहिलो, हिब्रू विसरलो, बऱ्याच प्रार्थना विसरलो, पण शेमा राहिली. बारशाला शेमा, लग्नाला शेमा, माणूस जाताना शेमा. माझी आजी मराठीशिवाय एक अक्षर बोलायची नाही, पण रात्री अंथरुणावर उजवा हात डोळ्यांवर ठेवून ही ओळ म्हटल्याशिवाय दिवा मालवायची नाही. दाराच्या चौकटीला तिरकी डबी लावलेली असते ना आमच्याकडे, मेझुझा, तिच्यातल्या गुंडाळीवरही पहिली ओळ हीच.

एक बारीकशी गंमत सांगतो. तोराच्या, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथाच्या, हस्तलिखितात ह्या ओळीतली दोन अक्षरं मुद्दाम मोठी काढतात, 'शेमा'चं शेवटचं आणि 'एखाद'चं शेवटचं. दुसरं अक्षर दालेत. दालेत आणि रेश ही दोन अक्षरं इतकी सारखी दिसतात की कोपऱ्यातला टोक घासला गेला की दालेतचा रेश होतो. आणि मग एखाद म्हणजे एक, त्याचं होतं अखेर म्हणजे दुसरा! परमेश्वर एक ऐवजी परमेश्वर दुसरा. म्हणून दालेत एवढा मोठा काढायचा की आंधळ्यालाही चूक होऊ नये, असं आम्हाला शिकवलं.

येशूला ही ओळ पाठ होती यात शंका नाही. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, एक शास्त्री त्याला विचारतो सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, तर तो शेमाच म्हणून दाखवतो. ते वाचलं तेव्हा मला आमच्या आळीतला कोणी बोलल्यासारखं वाटलं.

जोशीकाकू

किती सुंदर लिहिलंत हो. तिरकी का लावतात डबी?

तेल्याचा_नातू

काकू, एक रब्बी (आमचा धर्मगुरू) म्हणे उभी लावा, त्याचा नातू म्हणे आडवी लावा, म्हणून तिरकी. आमच्यात सगळी भांडणं अशीच मिटतात, म्हणजे मिटत नाहीत.

बोरूबहाद्दर

वा, नातूसाहेब, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. दालेतची गोष्ट लक्षात ठेवा सगळ्यांनी, पुढे लागणार आहे.

ख्रिस्ती लोकांचं सगळ्यात जुनं हाती असलेलं लिखाण म्हणजे पौलाची पत्रं. चारही शुभवर्तमानं त्यानंतरची. पौल पक्का ज्यू, परूशी पंथातला, शेमा दिवसातून दोनदा म्हणणारा माणूस. त्याने साधारण ५४-५५ साली ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं, म्हणजे येशूला क्रुसावर देऊन पंचवीसेक वर्षंच झालीत, त्याला बघितलेले लोक अजून हयात आहेत. आठव्या अध्यायात विषय अगदी घरगुती आहे, देवळात मूर्तीपुढे ठेवलेलं मांस खावं का. पौल म्हणतो जगात लोक ज्यांना देव म्हणतात, प्रभू म्हणतात असे पुष्कळ आहेत, पण आपल्याला एकच देव, पिता, ज्याच्यापासून सगळं झालं, आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सगळं झालं.

आता हे शेमाच्या शेजारी ठेवा. ज्यू लोक देवाचं नाव उच्चारत नाहीत, त्या जागी अदोनाय म्हणतात म्हणजे प्रभू. ग्रीक बोलणारे ज्यू जे भाषांतर वापरायचे त्यात त्या नावाच्या जागी 'किरिओस' येतो. ग्रीक शेमा अशी: किरिओस हो थेओस हेमोन, किरिओस हेइस एस्तिन. तीन शब्द बघा, किरिओस प्रभू, थेओस देव, हेइस एक. पौलाचं वाक्य: हेइस थेओस पिता, हेइस किरिओस येशू. तेच तीन शब्द! त्याने शेमा सोडली नाही, बाजूला दुसरी ओळही जोडली नाही, आहे तीच शेमा उलगडली आणि येशूला तिच्या आत नेऊन बसवलं. थेओस पित्याला, किरिओस येशूला, आणि एक दोघांनाही.

आणि सगळ्यात नवलाचं म्हणजे हे तो पटवून देत बसत नाही. मांस खायचं की नाही यावर तीन अध्याय वाद घालतो आणि हे वाक्य मध्ये असं टाकतो जणू हे तर सगळ्यांना माहीतच आहे.

शंकेखोर

थांबा थांबा. हे मी दोनदा वाचलं. म्हणजे दालेतचा रेश केला की नाही केला?

बोरूबहाद्दर

हाच तर वाद आहे. पौल म्हणेल दालेतच आहे, नीट बघा. बाकीचे ज्यू म्हणाले कोपरा घासलाय.

केळीची_वाडी

आत्ता कपाटातून घरातलं जुनं पवित्र शास्त्र काढून दोन्ही जागा काढल्या. अनुवाद सहामध्ये 'आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे'. आणि करिंथकरांसच्या पत्रात 'एकच प्रभू येशू ख्रिस्त'. आलं का लक्षात? ग्रीकमध्ये दोन्हीकडे किरिओस, आणि मराठीत जुन्या करारात परमेश्वर, नव्या करारात प्रभू! चाळीस वर्षं ही दोन्ही वाक्यं चर्चमध्ये ऐकतेय आणि एकीत दुसरी ऐकू येते हे कधी कळलंच नाही, कारण मराठीत ती येतच नाही. भाषांतरकारांची चूक म्हणत नाही मी, परमेश्वर लिहिलं तर दुसरा गोंधळ झाला असता. पण आज बोरूबहाद्दर यांच्यामुळे अंगावर काटा आला खरं.

नास्तिक_नाना

काटा येऊ द्या, पण एकाच बाजूचं ऐकू नका. त्याच मार्कमध्ये एक जण येशूला 'उत्तम गुरुजी' म्हणतो तर तो उलट विचारतो, मला उत्तम का म्हणतोस, देवाशिवाय उत्तम कोणी नाही. पुढे म्हणतो शेवटचा दिवस कधी ते पुत्रालाही माहीत नाही, फक्त पित्याला. प्रेषितांच्या पुस्तकात पेत्राच्या भाषणात आहे की देवाने येशूला प्रभू 'केलं'. केलं म्हणजे आधी नव्हता. आणि एबियोनी नावाचे ज्यू ख्रिस्ती होते, इरेनियस नावाचा बिशप साधारण १८० साली त्यांच्याबद्दल चिडून लिहितो, ते येशूला मसीहा, म्हणजे देवाने पाठवायचा तारणारा राजा, मानत पण योसेफ-मरियेचा मुलगा, माणूसच. मग जेरुसलेमची पहिली माणसं ह्यांच्यासारखी नव्हती कशावरून?

बोरूबहाद्दर

नाना, ही वाक्यं आहेतच, एरियसवाल्यांनीही ह्यातली बरीच वापरली. सगळे एकाच सुरात बोलत होते असं मीही म्हणत नाही. पण एक तपासा, 'देव आहे का' हा आपला प्रश्न झाला, आजचा. त्या काळच्या ज्यूंचा प्रश्न होता पूजा कोणाची करायची. देवदूत त्यांना मान्य होते, प्रधान देवदूतही होते, स्वर्गात भरपूर गर्दी होती, तेवढ्याने एकदेववाद मोडत नव्हता. मोडत कधी होता? त्यातल्या कोणापुढे बळी दिला, साष्टांग घातलं, की. लॅरी हुर्टाडो म्हणून एक अभ्यासक होऊन गेले, त्यांचा सगळा भर ह्यावर होता की सिद्धांत राहू दे, लोक प्रत्यक्षात गुडघे कोणापुढे टेकतात ते बघा.

प्रकटीकरणाचं पुस्तक घ्या, पहिल्या शतकाच्या अखेरचं. योहान दोनदा देवदूताच्या पाया पडायला जातो आणि दोन्ही वेळा देवदूत दचकून म्हणतो, असं करू नको, मीही तुझ्यासारखाच दास, देवाची पूजा कर. अगदी ज्यू उत्तर. आणि त्याच पुस्तकात पाचव्या अध्यायात सगळं स्वर्ग कोकऱ्यापुढे, म्हणजे येशूपुढे, लोटांगण घालतंय आणि तिथे कोणीच असं करू नको म्हणत नाही. लिहिणाऱ्याला रेषा कुठे आहे ते पक्कं माहीत होतं. त्याने येशूला रेषेच्या पलीकडे ठेवलं.

उंटावरचा_शहाणा

एक भाबडी शंका. आमच्या शेजारच्या गाडीच्या मागच्या काचेवर 'मारानाथा' लिहिलंय. मी तीन वर्षं समजतोय की नाथा नावाच्या कोणाला तरी मारायचं आहे.

केळीची_वाडी

😂😂 नाथाला सोडा!! आरामाईक आहे ते. 'माराना था', आमच्या प्रभू, ये.

बोरूबहाद्दर

हसताय पण उंटावरून तुम्ही बरोबर जागी उतरलात. हा शब्द पौलाच्या त्याच पत्राच्या शेवटी आहे, ग्रीक पत्रात अचानक आरामाईक, भाषांतर न करता. करिंथच्या लोकांची भाषा ग्रीक. मग हा शब्द त्यांच्याकडे आला कुठून? पॅलेस्टाईनमधल्या आरामाईक बोलणाऱ्या पहिल्या ज्यू मंडळीकडून, आमेन जसा आला तसा. म्हणजे गेलेल्या येशूला प्रभू म्हणून हाक मारायची, ये म्हणायचं, हे ग्रीकांनी घुसडलेलं नाही, ते गालीलच्या भाषेतलंच आहे. शंकेखोर यांच्या अंदाजाला सगळ्यात मोठा धक्का माझ्या मते ह्या एका शब्दाचा आहे.

जोशीकाकू

नरहरी सोनाराची आठवण झाली. शिवाशिवाय कोणाचं तोंड बघणार नाही म्हणून डोळे बांधून विठ्ठलाचा करदोटा मोजायला गेला, हाताला लागलं व्याघ्रांबर आणि सर्प, पट्टी काढली तर विठ्ठल. तसंच झालं असेल का त्या लोकांचं?

तेल्याचा_नातू

काकू, गोष्ट मला फार आवडते, पण नरहरीला शेवटी कळतं की दोन्ही एकच, आणि प्रश्न सुटतो. आमच्याकडे पट्टी काढायची परवानगीच नव्हती.

सिअॅटलची_सई

उशिरा आले, सगळा धागा एका दमात वाचला. नातू यांच्या 'अखेर' शब्दावरून आठवलं म्हणून लिहिते.

ज्यूंमध्येसुद्धा ह्यावर आपसात बरीच खळबळ होती. बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकात सातव्या अध्यायात एक दृश्य आहे, 'आसनं' मांडली गेली असं अनेकवचनी आहे, त्यावर एक पांढऱ्या केसांचा पुराणपुरुष बसतो आणि मग ढगांवरून मानवपुत्रासारखा एक जण येतो त्याला राज्य मिळतं. आता आसनं दोन का? तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, आहे की रब्बी अकिवा म्हणाला एक देवाचं आणि एक दाविदाचं, म्हणजे मसीहाचं. त्यावर दुसरा रब्बी त्याच्यावर ओरडला की अकिवा, देवाची विटंबना कुठवर करणार आहेस! अकिवा म्हणजे सगळ्यात मोठ्या रब्बींपैकी, त्याची ही गत.

त्याच पानांच्या आसपास दुसरी गोष्ट. एलिशा बेन अबूया नावाचा रब्बी स्वर्गात जातो, तिथे मेटाट्रोन नावाचा देवदूत बसून लिहिताना दिसतो. स्वर्गात देवाशिवाय कोणी बसत नाही अशी त्याची समजूत, तो बसलेला बघून ह्याच्या तोंडून निघतं, स्वर्गात दोन सत्ता तर नाहीत ना? झालं. मेटाट्रोनला बाहेर काढून अग्नीचे साठ फटके मारतात, उठून उभा का राहिला नाहीस म्हणून, आणि एलिशाचं नाव पडतं अखेर. दुसरा! नातूंच्या घासलेल्या दालेतचाच शब्द.

ह्या गोष्टी लिहिल्या गेल्या नंतर, पण 'स्वर्गात दोन सत्ता' म्हणणाऱ्यांना रब्बी पुन्हा पुन्हा झोडपतात त्या अर्थी तसं म्हणणारे आसपास होतेच. शिवाय अलेक्झांड्रियाचा फिलो, येशूच्याच काळातला ज्यू तत्त्वज्ञ, येशूचं नावही त्याच्या लिखाणात नाही, तो देवाच्या 'लोगोस'ला म्हणजे शब्दाला एका ठिकाणी सरळ दुसरा देव म्हणून जातो. योहानच्या शुभवर्तमानाची सुरुवात 'प्रारंभी शब्द होता' आठवा. वीट ज्यूंच्याच भट्टीतली होती. फक्त फिलोचा लोगोस कधी सुतारकाम करत नव्हता.

शंकेखोर

सई, साठ फटके देवदूताला! मी समजत होतो ज्यू एकदेववाद म्हणजे एकदम गुळगुळीत भिंत, आत काही हलत नाही. हे तर आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं निघालं.

नास्तिक_नाना

मांसाचा विषय निघालाय तर विचारतो, केळीची_वाडी, गणपतीचा मोदक चालतो का तुम्हाला?

केळीची_वाडी

नाना, हा प्रश्न आमच्या घरात तीन पिढ्या पुरलाय. आजी शेजारच्या पाटलांकडचा मोदक घ्यायची, दोन्ही हातांनी, आणि घरी आणून डब्यात ठेवायची. खायची नाही, टाकायचीही नाही. आम्ही पोरं उडवायचो आणि तिला ते माहीत असायचं. आई म्हणायची देव एकच तर दुसऱ्याचा प्रसाद असेलच कसा, खा. पौलाचं उत्तर दोघींच्या मधलं आहे: मूर्ती म्हणजे काहीच नाही हे खरं, तरी तुझ्या खाण्याने शेजारच्या कच्च्या माणसाचं मन डळमळत असेल तर खाऊ नको, आणि देवळात पंगतीला बसू नकोस. आजीने पौल वाचलेला नव्हता.

जोशीकाकू

पुढच्या वर्षी मी पाठवते, डबा नका ठेवू.

संपादक

एका सदस्याचे धर्मांतर आणि मतपेढीवरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. विषय पहिल्या शतकाचा आहे, कृपया तिथेच राहा.

उंटावरचा_शहाणा

पहिल्या शतकात राहायला भाडं परवडेल का?

बोरूबहाद्दर

शंकेखोर यांच्या 'रोमनांना देव वाढवायची सवय' यावर एक राहिलं. रोमन लोक ख्रिस्तींना काय म्हणत माहितेय? नास्तिक. देव वाढवणारे नाही, देव कमी करणारे! नाना, तुमचे पूर्वज. स्मुर्णाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प, १५५ च्या सुमाराला त्याला स्टेडियममध्ये उभा करतात, अधिकारी म्हणतो वयाकडे बघ आणि 'नास्तिकांचा नाश असो' म्हण, सोडतो. म्हातारा गर्दीवर नजर फिरवतो, हात त्यांच्याकडे हलवतो, वर बघून उसासा टाकतो आणि म्हणतो, नास्तिकांचा नाश असो. मग त्याला जाळलं. ज्यूंना जुना धर्म म्हणून सूट होती, ह्यांना ती नव्हती.

आणि ज्यू मुळापासून तोडायची संधीही आली होती. मार्कियन नावाचा काळ्या समुद्राकडचा श्रीमंत जहाजमालक रोमला आला, मंडळीला दोन लाख सेस्टर्स देणगी दिली, आणि म्हणाला जुन्या करारातला रागीट देव वेगळा आणि येशूचा दयाळू पिता वेगळा, ज्यूंची पुस्तकं काढून टाका. दोन देव, सरळ हिशेब, सगळी अडचण संपली. रोमच्या मंडळीने १४४ साली त्याला बाहेर काढलं आणि पैसेही परत केले! देणगी परत करणारी धार्मिक संस्था मी तरी दुसरी ऐकलेली नाही. म्हणजे सोपं उत्तर समोर असताना त्यांनी अवघड उत्तर धरून ठेवलं, कारण शेमावाला देवच येशूचा पिता हे सोडायचं नव्हतं.

नंतर उलटी चूक. कोणी म्हणालं पिताच पुत्र बनून आला, एकच व्यक्ती दोन वेषांत, म्हणजे एकपणा सुरक्षित. त्यावर कार्थेजचा तेर्तुलियन, वकिली जिभेचा माणूस, म्हणाला ह्यांनी तर पित्यालाच क्रुसावर चढवलं. एरियसच्या वेळी हुकमी पान कुठलं, तर नीतिसूत्रांचा आठवा अध्याय, जिथे देवाची बुद्धी म्हणते परमेश्वराने मला आरंभी निर्माण केलं. भांडण ग्रीक शब्दांत पण ज्यूंच्या पोथीवरून.

तेल्याचा_नातू

सगळं वाचलं, शिकायला मिळालं. पण माझी बाजू सांगितल्याशिवाय धागा खाली जाऊ देणार नाही.

पौलाने काय केलं ते मला आता समजलं, कसब आहे, मान्य. तरी आमच्यासाठी ते बसत नाही. शेमा आम्ही डोळे झाकून म्हणतो, कारण त्या क्षणी समोर काहीही दिसायला नको, चेहरा नको, नाव नको. त्या जागी एका माणसाचं नाव आलं, कितीही मोठा असो, की माझ्या आजीचा हात डोळ्यांवरून निघाला. कोपरा घासला गेला असंच मी म्हणेन.

पण एक गोष्ट मला स्वतःला चक्रावून गेली म्हणून सांगतो. ह्या धाग्यामुळे पौलाचं गलतीकरांस पत्र वाचलं. मला वाटलं जेरुसलेमचे जुने ज्यू शिष्य आणि पौल यांचं भांडण येशूला देव मानण्यावरून असणार. तसं काहीच नाही! भांडण सुंतेवरून आणि जेवणावरून. अंत्युखियात पेत्र आधी बिगरज्यूंबरोबर पंगतीला बसायचा, मग जेरुसलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याची माणसं आली तशी तो हळूच उठून वेगळा बसायला लागला, बर्णबाही त्याच्यामागे गेला, आणि पौलाने सगळ्यांसमोर त्याला झापलं. येशूला प्रभू म्हणण्यावर त्या पत्रात दोन्ही बाजूंची काही तक्रार दिसत नाही.

बोरूबहाद्दर

नातूसाहेब, हे मी लिहायला हवं होतं. नाना, एबियोनींच्या प्रश्नाला हेच उत्तर आहे, पूर्ण नाही पण बरंचसं. पौल भांडखोर माणूस, विरोधक काय म्हणतात ते ओरडून सांगणारा. तू दुसरा देव आणलास असा आरोप जेरुसलेमहून आला असता तर त्याने पत्रात आकाशपाताळ एक केलं असतं.

नास्तिक_नाना

बरंचसं, पूर्ण नाही, एवढं धरून मी माझी खुर्ची सोडत नाही. पत्रं पौलाची राहिली, याकोबाच्या माणसांची राहिली नाहीत.

शंकेखोर

सगळ्यांचे आभार. माझा ३२५ चा मुद्दा मागे घेतो, ग्रीकांनी घुसडलं हाही बराचसा मागे घेतो. टोचणं मात्र गेलेलं नाही, उलट आता कळलं की ते एरियसलाही टोचत होतं आणि अकिवालाही ओरडा खावा लागला, तेव्हा मी चांगल्या संगतीत आहे. मित्राला फोन करून किरिओसचं सांगितलं, तो म्हणाला हे तुला कोणी सांगितलं, मी म्हटलं वसईची एक बाई, अलिबागचा एक तेली आणि उंटावरचा एक माणूस.

नास्तिक_नाना

आणि जेवण? पहिल्या प्रतिसादापासून विचारतोय.

शंकेखोर

नाना, फुगे आणि डुकराचं इंद्याल. मी फुग्यांवर भागवलं, इंद्यालची वाटी पुढे सरकवली तर मित्राची आई जरा हिरमुसली.

तेल्याचा_नातू

बघा, म्हटलं नव्हतं? पंगतीवरूनच सुरू होतं.